चार दिवसांचं पाणी

उद्यानाला पन्नास वर्षं होणार म्हणून संचालकबाईंनी मला दोन कामं दिली. एक, प्रवेशद्वारापाशी लावायच्या मोठ्या फलकासाठी इतिहास लिहायचा. दोन, माहितीपुस्तिकेसाठी तलावाच्या पाण्याचा पन्नास वर्षांचा आलेख काढायचा.

"इतिहास तीस सेकंदांत वाचून झाला पाहिजे," त्या म्हणाल्या. "लोक होडीच्या रांगेत उभे असतात, परीक्षेला बसलेले नसतात. आणि चौथऱ्याचं ठळक लिहा. बावीस वर्षांनी पुन्हा उघडतोय आपण."

इतिहास सोपा होता. मुळात ती दगडखाण. शहरातल्या निम्म्या इमारतींचा काळा दगड तिथून गेला. खोल खणता खणता झरा फुटला, पंप लावूनही पाणी आटेना, तेव्हा मालकाने यंत्रं तशीच टाकून काम बंद केलं. चाळीस वर्षं ती जागा नुसती पाण्याने भरलेला खड्डा होती. मग राज्याने ती ताब्यात घेतली, एका बाजूला बांध घातला, जास्तीचं पाणी वाहून जायला सांडवा बांधला, झाडं लावली, आणि राज्य उद्यान म्हणून फाटक उघडलं. आता तिथे वल्ह्याच्या होड्या आहेत, पाच किलोमीटरची पायवाट आहे, तंबूचं मैदान आहे, लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचा कोपरा आहे. आणि यारीचा चौथरा आहे. खाणीतले दगड उचलणारी यारी ज्यावर उभी असायची तो दगडी चौथरा थेट पाण्यावर येतो. तिथून पाण्यात उडी मारणं हे या उद्यानाचं सगळ्यात मोठं आकर्षण होतं. बावीस वर्षांपूर्वी तिथे साखळी लागली.

आलेखही सोपा असायला हवा होता, कारण अर्ध्याहून जास्त नोंदी माझ्याच घरच्या माणसाने लिहिलेल्या होत्या. उद्यानाचे पहिले रखवालदार माझे बाबा. चौथऱ्याच्या पायाशी खडकात लोखंडी पट्टी ठोकलेली आहे. तिचा शून्य चौथऱ्याखालच्या तळाशी, म्हणजे पट्टीवरचा आकडा हीच तिथली खोली. रोज सकाळी सात वाजता बाबा तो आकडा वाचून वहीत लिहीत. एकोणतीस वर्षं लिहिला. कामगार त्यांना पट्टीमास्तर म्हणत. ते चहा प्यायच्या आधी कपातली पातळी बघतात, अशी चेष्टा चाले. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. वहीबद्दल त्यांचे दोन नियम होते. चुकलं तर खोडायचं नाही, लाकडी पट्टीने एक रेघ मारायची, खालचा आकडा दिसला पाहिजे. आणि एकही दिवस कोरा जाता कामा नये. "कोरी ओळ म्हणजे रखवालदार झोपला होता," ते म्हणत. बाबांनी लिहिलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे खात्यात सगळे मानत.

बाबांच्या आणि नंतरच्यांच्या सगळ्या नोंदी संगणकात भरून मी आलेख काढला आणि पहिल्याच नजरेत काहीतरी खटकलं.

तलाव वर्षातून एकदा काठोकाठ भरतो आणि सांडव्यावरून वाहू लागतो. सांडवा दगडाचा आहे, तो हलत नाही. त्यामुळे तो वाहू लागतो त्या दिवशी पट्टीवरचा आकडा दरवर्षी एकच यायला हवा. माझ्या आलेखात पहिली सत्तावीस वर्षं तो ६.२० होता. त्यानंतर आजपर्यंत ६.८०. आलेखाच्या डोक्यावर एक पायरी होती, साठ सेंटीमीटरची.

सांडवा उंच झालेला नाही, हे मी जुन्या नकाशावरून तपासलं. मग पट्टीच खाली सरकली असणार. पट्टी खाली सरकली की पाणी तिच्यावर वरचा आकडा दाखवतं. म्हणजे तेवीस पावसाळे आपण पाणी आहे त्यापेक्षा साठ सेंटीमीटर जास्त लिहीत आलो. त्यातली अकरा वर्षं, इथे नोकरीला लागल्यापासून, मी स्वतः दरवर्षी ६.८० टंकला होता. पदार्थविज्ञान शिकलेल्या बाईने.

पायरी जिथे सुरू होत होती, त्या वर्षीची वही मी कचेरीच्या कपाटातून काढली. मला ते वर्ष बघायचं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात तो अपघात झाला होता.

वीस वर्षांची मुलगी होती. चौथऱ्यावरून डोकं खाली घालून तिने सूर मारला आणि तळाला आपटली. मान मोडली, जीव वाचला, पण पाय गेले. नियम असा होता की पट्टीवर तीन मीटर किंवा जास्त असेल तरच हिरवा झेंडा लावायचा. त्या सकाळच्या नोंदीत ३.१० होतं. चौकशी समितीने बाबांची वही मागवली, आकडा पाहिला आणि निष्कर्ष काढला: पाणी पुरेसं होतं, तेव्हा मुलीने कडेच्या कोपऱ्यावरून, जिथे खडक वर येतो तिथून उडी मारली असणार, आणि जीवरक्षकाचं लक्ष नसणार.

जीवरक्षक म्हणजे शिट्टीकाका. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्हा मुलांनी ठेवलेलं नाव. मला पोहायला त्यांनी शिकवलं आणि मला ते बेडकी म्हणत. समितीपुढे ते पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिले, ती मधूनच उडाली होती, पाणीच कमी होतं, मला वरून तळाचा दगड दिसत होता. कुणीतरी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "वहीत आहे तेच पाणी." शिट्टीकाकांची नोकरी गेली, परवानाही गेला. तेव्हापासून ते बांधापलीकडे, उद्यानाच्या हद्दीबाहेर, होड्या दुरुस्त करतात. आमच्या घरात त्यांचं नाव निघत नाही.

वहीत अपघाताच्या दहा आठवडे आधी बाबांच्या अक्षरात एक शेरा होता: "वादळात ओंडका आदळून पट्टी निखळली. पूर्ववत बसवली." त्याच्या आधीच्या चार दिवसांचे आकडे ४.३२, ४.३२, ४.३२, ४.३२.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हा तलाव रोज एक-दीड सेंटीमीटर उतरतो. चार दिवस तो एकाच आकड्यावर कधीच उभा राहत नाही.

आणि मला त्या तारखा माहीत होत्या. त्या चार दिवसांत आईचं ऑपरेशन झालं होतं. मी सोळा वर्षांची होते आणि बाबांबरोबर रुग्णालयाच्या बाकावर बसून होते. रोज सकाळी सात वाजता बाबा घड्याळाकडे बघत आणि मान खाली घालत. ते चार दिवस तलावावर गेलेच नव्हते.

पाणीपुरवठा खात्यात माझी एक मैत्रीण आहे. तिला मी त्या वर्षीच्या कामांची यादी शोधायला लावली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, बांधाची झडप दुरुस्त केली होती तेव्हा. पाणी साठ सेंटीमीटर उतरवलं होतं. तारखा सांगू?"

"सांग," मी म्हणाले, पण मला त्या ठाऊक होत्या.

संचालकबाईंना मी तेवढंच सांगितलं की पट्टी साठ सेंटीमीटर खाली बसलेली आहे. त्या खुर्चीतून उठल्याच. "बरं झालं उघडायच्या आधी कळलं! आजच माणूस पाठवा, नीट बसवून घ्या."

"आणि आधीच्या नोंदी?"

"त्यांचं काय?"

"अपघाताच्या दिवशी पाणी तीन-दहा नव्हतं. अडीच मीटर होतं. हिरवा झेंडा लागायलाच नको होता."

त्या पुन्हा बसल्या. थोडा वेळ टेबलावरच्या पेनाशी खेळल्या. वाईट बाई नाहीत त्या. "हे बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढचा अपघात टळला. ते महत्त्वाचं. मागचं उकरून कुणाचे पाय परत येणार आहेत? आणि वही कुणाची आहे ते तुम्हाला मी सांगायला हवं का? झाकली मूठ राहू दे. पट्टी बसवा, आलेखाला एक तळटीप टाका, तांत्रिक फरक म्हणून."

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी स्वतःशी हेच बोलत होते. पट्टी दुरुस्त झाली की कुणाच्याही जिवाला धोका नव्हता. उरत होतं ते फक्त बाबांचं नाव आणि शिट्टीकाकांचं नाव. दोन्ही एकाच वेळी वाचणार नव्हती.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन घरी गेले. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याकडेच राहतात. खिडकीपाशी बसून बाहेरच्या तापमापकाचा आकडा कॅलेंडरवर लिहीत होते.

"वही घरी आणायची नसते," मला बघून म्हणाले. "नियम विसरलीस का?"

"बाबा, पट्टी निखळली होती तेव्हा तुम्ही ती कशावरून बसवलीत?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "कशावरून म्हणजे? पाण्यावरून. शेवटचा आकडा चार-बत्तीस होता. पाणी चार-बत्तीसवर येईल अशी धरली आणि ठोकली."

"सांडव्यापासून मोजून का नाही?"

"त्याला यंत्र लागतं. यंत्र मुख्य कचेरीतून मागवावं लागतं. महिना गेला असता. महिनाभर वही कोरी ठेवायची?"

"झडप उघडली होती बाबा. त्या चार दिवसांत पाणी साठ सेंटीमीटर उतरलं होतं."

"मला कुणी कळवलं नाही."

"नाही कळवलं. पण खडक ओला दिसला असेल ना? साठ सेंटीमीटरचा पट्टा."

मला वाटलं ते रागावतील. लहानपणी त्यांच्या वहीला हात लावला तरी ते रागवायचे. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. "दिसला होता," ते म्हणाले. "थोडा ओलसर होता. मला वाटलं, वादळाच्या लाटा असतील. तुझी आई तेव्हा अजून शुद्धीवर नीट आली नव्हती. मला लवकर परत जायचं होतं."

मी तिथेच थांबायला हवं होतं कदाचित. पण पुढचं पान माझ्या बोटाखाली उघडंच होतं. "पावसाळ्याच्या शेवटी सांडवा वाहिला, तेव्हा तुम्ही सहा-ऐंशी लिहिलंत. त्याआधीची सत्तावीस वर्षं तुम्ही सहा-वीस लिहीत होतात."

"हो."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला कळलं."

"हो."

एवढंच. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, आकडा वाचून दाखवावा तसा.

"चौकशी संपून दोन महिने झाले होते," ते म्हणाले. "त्याची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. मी तिथे उभा राहून तीनदा वाचला. सहा-ऐंशी. सहा-वीस लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मी नाही लिहिलं खोटं. होतं तेच लिहिलं. म्हटलं, बघणारा बघेल. विचारणारा विचारेल."

"कोण विचारणार होतं?"

"तू," बाबा म्हणाले. "तू शास्त्राला जाणार होतीस. सुट्टीत वह्या चाळत बसायचीस. मला वाटलं, ही विचारेल. दरवर्षी वाटायचं."

राग आला होता आणि तो नेमका कुणावर हे ठरवता येत नव्हतं. "आणि चार-बत्तीस? चार वेळा? ते खोटं नव्हतं?"

त्यांनी नजर तापमापकाकडे वळवली.

"मी उद्या शिट्टीकाकांकडे जाणार आहे," मी म्हणाले.

"मी आहे तोवर नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "फार दिवस नाहीत आता. मी गेल्यावर काय लिहायचं ते लिही, फलकावर लिही, दगडात कोर. पण मला रस्त्याने जाताना लोकांनी... एकोणतीस वर्षं, पोरी. एक चूक."

"काका सहासष्ट वर्षांचे आहेत, बाबा. त्यांना खोकला आहे. ते आधी गेले तर?"

ते उठले, काठी घेतली आणि आत गेले. जेवायला आले नाहीत. वही मी टेबलावरच ठेवली. आवरून ठेवण्याचं धाडस झालं नाही.

सकाळी मी बांधापलीकडे गेले. शिट्टीकाकांची शेड पत्र्याची आहे, आत डांबराचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. एक होडी उपडी घातली होती आणि ते तिच्या फटीत दोरा ठोकत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "होडी उद्यानाची असेल तर तिकडे ठेवा. दोन दिवस लागतील."

"काका, मी."

त्यांनी मान वर केली. "बेडकी?" मग लगेच आवाज बदलला. "काय काम काढलंत?"

मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

मी उभ्यानेच सांगितलं. पट्टी, झडप, चार दिवस, साठ सेंटीमीटर. आकडे मी नीट सांगू शकते, म्हणून आकडेच सांगितले. त्यांनी हातातली हातोडी होडीच्या पाठीवर ठेवली, ती घसरून खाली पडली, ती उचललीही नाही.

"अडीच," ते म्हणाले.

"हो. अडीच मीटर."

"मी म्हणत होतो." ते खाली बसले, लाकडाच्या ओंडक्यावर. "सुरुवातीला म्हणत होतो. मग कसं होतं माहीत आहे का, सगळे एक सांगतात आणि तुम्ही एकटे दुसरं सांगत राहता. पाच-सहा वर्षांनी मलाच वाटायला लागलं की दगड मला दिसलाच नव्हता. मी मनाने रचलं असेल. बायको जाताना शेवटी तिला मी सांगितलं, माझंच लक्ष नव्हतं गं. कबूल करून टाकलं. न केलेलं." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आता तिला कुठे जाऊन सांगू की दिसला होता?"

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता. मी म्हणाले, मी अहवाल लिहिणार आहे, मुख्य कचेरीला, लेखी, तुमचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून.

"माझं राहू दे," ते म्हणाले. "आधी तिला लिही. त्या मुलीला. तिला सांगितलंय की तू कोपऱ्यावरून उडी मारलीस. ती बरोबर मधूनच उडाली होती. सुंदर उडी होती. मी शिकवलेलीच." मग त्यांनी विचारलं, "मास्तरांना कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. रस्ताभर मी त्याच्यासाठी वाक्यं जुळवत होते, आई आजारी होती, त्यांना कुणी कळवलं नाही, त्यांनी खोटा आकडा लिहिला नाही. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"त्याच वर्षी," मी म्हणाले. "सांडवा वाहिला तेव्हा."

शिट्टीकाकांनी मान हलवली. पडलेली हातोडी उचलली, तिच्यावरचा भुसा पुसला. "बरं," ते म्हणाले. "तुम्ही जा आता. मला हे आज संपवायचंय." शेडबाहेर पडले तरी हातोडीचा आवाज सुरू झाला नव्हता. बांधावर पोहोचले तेव्हा मागे वळून पाहिलं, ते तसेच बसले होते.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. बाबा खिडकीपाशी, माझ्याकडे पाठ करून. टेबलावर वही होती, उघडी, आणि तिच्यावर त्यांची जुनी लाकडी पट्टी.

त्या चार ओळींवर रेघा मारलेल्या होत्या. हात थरथरतो त्यांचा, तरी रेघा सरळ होत्या, कारण पट्टीने मारल्या होत्या. खालचे चारही ४.३२ स्पष्ट दिसत होते. चारही ओळींपुढे एकच वाक्य लिहिलं होतं: "निरीक्षण केले नाही." खाली आजची तारीख आणि पूर्ण सही. निखळलेल्या पट्टीच्या शेऱ्यापुढे एक ओळ वाढवली होती: "चुकीची बसवली. पाणी दाखवलेल्यापेक्षा ०.६० मी. कमी."

एकोणतीस वर्षांच्या वहीत पहिल्यांदा चार दिवस कोरे झाले होते.

"भेटला?" बाबांनी न वळता विचारलं.

"हो."

"काही विचारलं?"

"विचारलं. तुम्हाला कधी कळलं ते."

त्यांची मान किंचित खाली गेली. "मग तू काय सांगितलंस?"

"होतं तेच सांगितलं."

बाबांनी कॅलेंडर पुढे ओढलं, पेन्सिल उचलली, तापमापकाकडे डोळे बारीक करून पाहिलं, आणि आकडा न लिहिताच पेन्सिल परत ठेवली.

"येतो म्हणाला का इकडे?"

"नाही."

"नाहीच येणार," ते म्हणाले.

मी वही मिटली, पिशवीत घातली, आणि पत्रासाठी कोरा कागद घेतला. वर त्या मुलीचं नाव लिहिलं. पहिलं वाक्य शिट्टीकाकांचंच होतं, तुम्ही बरोबर मधूनच उडी मारली होती. दुसरं वाक्य लिहायला मला संध्याकाळ झाली.